रॉकेल, डिझेल आणि रेणूची लांबी

डिझेलमध्यें थोडें रॉकेल मिसळल्यास खर्च वांचतो आणि पंपाच्या इंजिनास कांहीं होत नाहीं, असा समज खेडोपाडीं रूढ आहे. "दोन्ही एकाच खनिज तेलांतून निघतात, मग भेद तो कसला?" असें विचारणारे सुशिक्षित बागाईतदारहि भेटतात. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर मात्र त्यांच्या सोयीचें नाहीं.

हीं तेलें मुख्यत्वें कर्ब व हायड्रोजन यांचींच बनलेलीं आहेत, हें खरें. भेद आहे तो रेणूच्या आकारमानाचा. पेट्रोलच्या रेणूंत कर्बाचे अणु साधारणतः चार ते बारा, रॉकेलमध्यें दहा ते सोळा, डिझेलमध्यें वीस-बावीसपर्यंत. वंगणांत त्याच्याहि पुढें. अशा रेणूंस परस्परांची ओढ कां असावी, याचा उलगडा फ्रिट्झ लंडन यांनीं १९३० मध्यें केला. रेणूंतील इलेक्ट्रॉन क्षणोक्षणीं सरकतात, एका बाजूस क्षणभर ऋणभार साचतो, शेजारच्या रेणूंत तदनुरूप हालचाल होते, आणि दोघे एकमेकांस ओढतात. ही ओढ फार क्षीण. परंतु रेणु जितका लांब, तितके इलेक्ट्रॉन अधिक आणि शेजाऱ्यास लागणारी बाजूहि अधिक. म्हणून एका कर्बाचा मिथेन उणें १६१ अंश सेंटिग्रेडवर उकळतो, तर सरळ सांखळीचा पेंटेन (पांच कर्ब) ३६ वर, ऑक्टेन (आठ) १२६ वर आणि हेक्झाडेकेन (सोळा) २८७ वर. लांबीच सर्वस्व नव्हे. तेच पांच कर्ब गोळ्यासारखे जुळले तर तें द्रव्य साडेनऊ अंशांवरच उकळतें.

आतां इंजिनाकडे वळूं. इंजेक्शन पंपाचा प्लंजर व नोझल यांतून जाणारें डिझेल हेंच त्यांचें वंगण. लांब रेणु एकमेकांस धरून राहतात, म्हणून त्यास दाटपणा असतो आणि धातूवर थर टिकतो. रॉकेल मिसळलें कीं तेल पातळ होतें, थर तुटतो, धातूवर धातु घासतो. लिटरमागें वांचविलेले रुपये मग नोझलच्या दुरुस्तींत जातात.

रॉकेलच्या स्टोव्हांत पेट्रोल घालणें तर जिवावरचें आहे. आंखूड रेणूंचें पेट्रोल उणें ४० अंशांच्या सुमारासहि पेटण्याजोगी वाफ सोडतें. रॉकेलास त्यासाठीं ३५ अंशांहून अधिक उष्णता लागते.

पेट्रोलपंपावर घनतामापक मागून डिझेल तपासण्याचा ग्राहकास अधिकार आहे. रॉकेल डिझेलहून हलकें असल्यानें मोठी भेसळ त्यांत उघडी पडते, थोडी निसटूं शकते. तरीहि एकत्र डिझेल घेणाऱ्या मंडळींनीं पिंप भरण्यापूर्वीं ही तपासणी करवून घ्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे.