पाण्यात धरणारे रेशीम

दिवाळीनंतर पाणी निवळले की पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एखाद्या वहाळात उतरावे आणि धावत्या पाण्यातला गोटा उलटा करून पाहावा. त्याच्या तळाशी वाळूचे कण चिकटवून केलेली नखाएवढी नळी अनेकदा दिसते. हे कॅडिस माशीच्या अळीचे घर. कण न् कण सांधणारा धागा अस्सल रेशमाचा असतो आणि अळी तो थेट पाण्याखाली, ओल्या दगडावर लावते. ओल्यावर घट्ट बसणारा डिंक माणसाला अजून मनासारखा जमलेला नाही. शस्त्रक्रियेसाठी त्याचा शोध चालूच आहे.

कॅडिस माशी ही पतंग-फुलपाखरांची सख्खी नातेवाईक. दोघांचेही रेशीम लाळग्रंथींतून येते आणि दोन्हींत फायब्रोइन या प्रथिनाच्या जड व हलक्या साखळ्या असतात. तुतीच्या रेशीमकिड्याच्या जड साखळीत ग्लायसिन आणि ॲलॅनिन ही अमिनो आम्ले पुन्हा पुन्हा येतात. त्यांचे थर इतके दाट बसतात की पाण्याला आत शिरायला जागाच राहत नाही. कॅडिसने वाट बदलली. तिच्या प्रथिनात सेरीनच्या ओळीच्या ओळी असतात आणि त्यांतल्या पुष्कळ सेरीनना फॉस्फेट जोडलेले असते. त्या ऋणभारित फॉस्फेटांना पाण्यातले कॅल्शियम एकत्र बांधते. सेरीनवरचे हे फॉस्फेट युटा विद्यापीठातील रसेल स्टुअर्ट यांच्या प्रयोगशाळेने 2010 मध्ये दाखवून दिले. कॅल्शियम काढून त्या जागी सोडियम घातले, तर धाग्याचा ताठपणा आणि बळ बरेचसे जाते. म्हणजे या रेशमाचे बळ पाण्यात काय विरघळले आहे त्यावरही अवलंबून असते.

महाड-पोलादपूरकरांनी लक्ष द्यावे ते इथे. कॅडिसच्या काही जाती घर वाहून नेत नाहीत, दगडांच्या फटीत जाळे विणून अन्न गाळतात. पाण्यात जड धातू मिसळले की हे जाळे वेडेवाकडे विणले जाते, असे युरोपातल्या नद्यांवर 1980 च्या दशकातच नोंदले गेले. उलट गाळ साचलेल्या, प्राणवायू घटलेल्या पाण्यात कायरोनोमिड माशीच्या लाल अळ्या माजतात. रेशीम त्यांचेही असते, पण वेगळ्या घडणीचे: अवाढव्य प्रथिने आणि त्यांतल्या सिस्टीनमधील गंधकाचे दुवे. त्याने त्या चिखलात नळ्या बांधतात. दगडावरचे रेशीम की चिखलातले, एवढे पाहिले तरी नदीचा तो टप्पा कसा आहे याचा अंदाज येतो. बाटलीतला नमुना त्या दिवसाचे पाणी सांगतो. अळी मागच्या कित्येक आठवड्यांचे सांगते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत महाडजवळची सावित्री आहे. जुलै 2021 च्या महापुरानंतर सावित्रीतला गाळ काढण्याचे काम हाती घेतले गेले. ते हवेच होते. घरादारात चिखल भरलेल्या महाडकरांना त्याची गरज पटवून द्यावी लागत नाही. पण गाळाबरोबर धावत्या उथळ पाण्यातले गोटेही उचलले गेले, तर या अळ्यांना धरायला काही उरत नाही, आणि त्यांच्यावर जगणाऱ्या माशांना खायला.

गाळ काढण्याच्या प्रत्येक टप्प्यापूर्वी आणि नंतर तळाच्या कीटकांची पाहणी व्हावी, आणि ती निविदेतच लिहिलेली असावी. त्याला महागडी यंत्रे लागत नाहीत. बारीक जाळीचे फडके, पांढरी थाळी आणि भिंग पुरते. महाड आणि पोलादपूरच्या महाविद्यालयांतल्या प्राणिशास्त्राच्या शिक्षकांनी येत्या हिवाळ्यात विद्यार्थ्यांना घेऊन वरचे वहाळ आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीखालची नदी अशी दोन्हीकडची मोजणी करावी आणि तिचे आकडे नगरपालिकेसमोर व प्रदूषण मंडळासमोर ठेवावेत.