लेकरांची हगवण आणि ‘फॉरेस्टची जागा’

पावसाळा लागला की कन्हान काठच्या वस्त्यांत लेकरांना हगवण लागते. नजर लागली म्हणत दिवस घालवू नका. लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घाला, घोटघोट पाजा. अंगावरचं दूध तोडू नका. आशाताईकडून झिंकच्या गोळ्या घ्या. डोळे खोल गेले, शौचातून रक्त पडलं, पोर सुस्त झालं तर १०८ ला फोन करा, दवाखाना गाठा.

पण दरसाल तेच का? उघड्या झिऱ्याचं पाणी पितो म्हणून. नळ मागितला तर ‘फॉरेस्टची जागा’ म्हणतात. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२) वाचा : ग्रामसभेची शिफारस असली तर पाणी, दवाखाना, अंगणवाडीसाठी १ हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. ठराव करा, पोच घ्या. जय सेवा!