आधार कार्डाची झेरॉक्स घेता, मग गादी कोण तपासणार?

लाजेची गोष्ट म्हणून महिनाभर गप्प होतो. आज लिहितोच.

आमच्या घरात ढेकूण झाले. होय, ढेकूण. रोज झाडून-पुसून काढणाऱ्या घरात. एप्रिलात एका लग्नासाठी बाहेरगावी गेलो होतो, दोन रात्री लॉजवर काढल्या. परत आल्यावर आठ-दहा दिवसांनी बायकोच्या हातावर ओळीनं लाल गांधी उठल्या. आम्ही म्हटलं घामोळ्या असतील. मग अॅलर्जीच्या गोळ्या झाल्या, मलम झालं. शेवटी आईनं गादीची शिवण उलटी करून पाहिली. "हे काई घामोळं नोय बापा, ढेकनं हायेत ढेकनं!"

लॉजवर फोन केला. मॅनेजर म्हणाला, "साहेब, रोज एवढी गिऱ्हाईकं येतात, कोणाची तक्रार नाही. तुमच्याच बॅगेतून आले असतील." बोलून मोकळा! आणि त्याला खोटं पाडायला माझ्याजवळ होतं काय? फोटो नाही, रजिस्टरवर शेरा नाही. बिलसुद्धा नाही, कारण 'बिल नको असेल तर दोनशे कमी करतो' म्हणाला आणि मी मान डोलावली. वीस वर्षं पत्रकारिता करतोय, लोकांना 'पक्कं बिल घ्या' म्हणून शहाणपण शिकवतोय, आणि दोनशे रुपयांत गप्प बसलो. म्हणून लॉजचं नाव इथं लिहीत नाही.

पण प्रश्न एका लॉजचा नाहीच. तुम्ही कुठल्याही लॉजवर जा. काउंटरवर आधारची झेरॉक्स घेतात, फोन नंबर घेतात, कुठून आले-कुठं चालले लिहून घेतात. का? तर पोलीस रजिस्टर तपासतात. स्वयंपाकघर असेल तर अन्न व औषध प्रशासनाचं भय असतं. आणि ज्या गादीवर माणूस रात्रभर उघड्या अंगानं झोपतो, ती उलटी करून पाहणारा माणूस तुम्ही कधी पाहिला का? मी नाही पाहिला.

कायदा नाही असं नाही बरं का. इंग्रजांनी १८६७ साली सराई कायदा केला. सराई चालवणाऱ्यानं खोल्या, व्हरांडे, नाल्या स्वच्छ ठेवाव्यात, मॅजिस्ट्रेटचं समाधान होईल इतक्या, असं त्यात लिहिलंय. मोडला तर दंड किती? जास्तीत जास्त वीस रुपये. पुढे रोजचा एक रुपया. १८६७ मध्ये वीस रुपये मोठी रक्कम होती, आज त्यात कटिंग चहा दोन. हा दंड पाहून कोणता लॉजवाला गादी उन्हात टाकेल?

खामगावकरांनो, हे आपल्याशी संबंधित नाही असं समजू नका. शेगाव आपल्यापासून जेमतेम सतरा-अठरा किलोमीटर. प्रकट दिनाला, सुट्ट्यांत भाविकांची गर्दी झाली की तिथं जागा न मिळालेली कुटुंबं आपल्याकडे मुक्कामाला येतात. चांदीच्या खरेदीला व्यापारी येतात, लग्नसराईत वऱ्हाडी येतात. एकाच खाटेवर आज अकोल्याचा, उद्या जळगावचा, परवा नागपूरचा. ढेकणाला पंख नाहीत, तो उडत नाही. तो बॅगेच्या चेनीत बसून प्रवास करतो, फुकटात.

आणि ही फक्त गरिबाच्या घरची घाण आहे हा समज तर पहिले डोक्यातून काढा. जुलै २०१८ मध्ये अमेरिकेतून मुंबईला येणाऱ्या एअर इंडियाच्या विमानात बिझनेस क्लासच्या प्रवाशांना ढेकूण चावल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. २०२३ मध्ये पॅरिसमध्ये एवढी बोंब झाली की तिथल्या वाहतूक मंत्र्यानं रेल्वे-मेट्रोवाल्यांची बैठक बोलावली. त्यांनी लाज धरली नाही, म्हणून निदान चर्चा तरी झाली. आपल्याकडे काय होतं? भाड्याच्या खोलीतल्या पोरावर घरमालक घसरतो, 'तूच आणले'. नव्या सुनेच्या माहेरच्या बॅगेवर संशय जातो. सगळे दबक्या आवाजात. या दबक्या आवाजावरच लॉजवाल्यांचं फावतं.

आता मी जे केलं नाही ते तुम्ही करा. खोलीत शिरल्यावर बॅग पलंगावर टाकू नका, आधी बाथरूममध्ये किंवा टेबलावर ठेवा. मोबाइलचा टॉर्च लावा. चादर उचलून गादीची शिवण, कोपरे, पलंगाची डोक्याकडची फळी आणि तिची मागची बाजू पाहा. मोठा ढेकूण मसुराच्या डाळीएवढा, चपटा, तांबूस-तपकिरी. तो दिसला नाही तरी शाईचा ठिपका पडावा तसे काळे डाग, रक्ताचे बारीक ठसे, वाळक्या साली दिसतात. दिसले तर तिथल्या तिथं फोटो काढा, मॅनेजरला दाखवा, रजिस्टरवर लिहा, खोली बदला. बदललेली खोली शेजारची किंवा वरखालची नको, भिंतीच्या फटीतून ते तिकडेही गेलेले असतात.

घरी आल्यावर बॅग बेडरूममध्ये नेऊ नका. अंगणात किंवा गच्चीवरच उघडा. कपडे थेट कडकडीत गरम पाण्यात. जे धुता येत नाही ते काळ्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट बांधून भर उन्हात ठेवा. पन्नास अंशांच्या वर आत उष्णता गेली की ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. आपल्या वऱ्हाडातल्या मे महिन्याचा हा एवढाच काय तो फायदा! बाकी उपाशी ठेवून मारू म्हणाल तर जमणार नाही, तो महिनोन्महिने न खाता जगतो.

एक हात जोडून विनंती. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या ढेकणांसाठी घरात ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या वायूनं झोपेत माणसं, लेकरं मेली आहेत. ढेकूण चावून कोणी मरत नाही, त्याच्यामुळे रोग पसरल्याचंही सिद्ध नाही. आणि साध्या स्प्रेला तर तो जुमानतच नाही. अहो, १९४७ सालीच पर्ल हार्बरच्या बराकीतले ढेकूण डीडीटीला पुरून उरले होते.

बिल आणि फोटो असतील तर ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्यानं तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे लॉज मुंबईचा असला तरी आपलं बुलडाणा चालतं. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही लागत नाही. आधी १९१५ ला फोन लावून पाहा.

नगर परिषदेला माझं निवेदन तयार आहे. मागणी एकच: शहरातल्या प्रत्येक लॉजच्या गाद्या-पलंगांची वर्षातून दोनदा आरोग्य विभागानं तपासणी करावी आणि तपासणीची तारीख काउंटरवर, दरपत्रकाच्या शेजारी लावावी. लॉजमालकांपैकी ज्यांना स्वतःहून खोल्या दाखवायच्या असतील त्यांनी बोलवावं, मी टॉर्च घेऊन येतो. स्वच्छ असेल तर तसं याच भिंतीवर नावानिशी लिहीन.

निवेदनावर सह्या पाहिजेत. सोमवारी सकाळी अकरा वाजता नगर परिषदेच्या गेटवर आहे. ज्यांना नाव सांगायची लाज वाटते त्यांनी इनबॉक्समध्ये अनुभव पाठवा, नाव छापणार नाही.