धागा: अंतर किलोमीटरमध्ये नव्हे, तासांमध्ये मोजा (पर्थ ते कोग्गला, १९४३)

१/८
‘मदत वेळेवर का पाठवली नाही?’ भूतकाळातील माणसांना हा प्रश्न आपण नकाशावर बोट ठेवून फार सहज विचारतो. माझे मत असे की, इतिहासाच्या अभ्यासकाने किलोमीटरआधी तास विचारावेत आणि मग ते तितकेच का लागले, हे शोधावे. एक विस्मृत हवाई मार्ग पाहू.

२/८
फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती पडले आणि ऑस्ट्रेलिया-ब्रिटन हवाई मार्ग मधोमध तुटला. जून १९४३ पासून क्वांटास कंपनीने पर्थ आणि सिलोनच्या दक्षिण किनाऱ्यावरील कोग्गला यांच्या दरम्यान गुप्त विनाथांबा सेवा सुरू केली. धावपट्टी दोन्हीकडे नव्हती. पर्थला स्वान नदी, कोग्गलाला सरोवर. विमाने पाण्यावर उतरणारी ‘कॅटलिना’.

३/८
अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर. वेळ २७ ते ३३ तास. म्हणजे वेग ताशी जेमतेम १७० ते २१० किलोमीटर.

४/८
‘विमाने जुनी, म्हणून संथ’ हे उत्तर अपुरे आहे. त्या काळची लढाऊ विमाने याच्या दुपटीहून अधिक वेगाने उडत. पण एवढा महासागर ओलांडण्याइतके इंधन त्यांत मावत नसे. कॅटलिनाने वेग सोडून पल्ला मिळवला. इंधनाचाच भार इतका, की उरलेल्या जागेत फक्त तीन प्रवासी आणि सुमारे ६९ किलो टपाल.

५/८
वेळापत्रक युद्धाने आखले होते. जपानी गस्तीचा टापू अंधारात पार व्हावा, अशा बेताने उड्डाण होई. रेडिओ मौन, दिशा ताऱ्यांवरून. विमानांची नावेही ताऱ्यांचीच: अल्टेर, व्हेगा, रायगेल, अँटारेस, स्पायका. आपल्याकडचे श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा!

६/८
एकाच उड्डाणात प्रवाशांना दोन सूर्योदय दिसत. म्हणून ही सेवा ‘दुहेरी सूर्योदय’ या नावाने ओळखली गेली आणि प्रवाशांना तसे प्रमाणपत्रही मिळे. जुलै १९४५ पर्यंत २७१ फेऱ्या झाल्या.

७/८
आता तुलना करा. मार्च २०१८ पासून पर्थहून थेट लंडनला विमान जाते: सुमारे १४,५०० किलोमीटर, साधारण १७ तास. अंतर अडीचपट, वेळ जवळपास निम्मा. उलट स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे हे विमानाचे अंतर अवघे २.७ किलोमीटर, वेळ दोन मिनिटे. मध्ये समुद्र आहे, म्हणून तेवढ्यासाठीही विमान!

८/८
अंतर भूगोल ठरवतो. प्रवासाचा वेळ मात्र इंधन, शत्रू, हवामान आणि सत्ता मिळून ठरवतात. म्हणून प्रवासाचा वेळ हा स्वतंत्र ऐतिहासिक पुरावा मानला पाहिजे. यापुढे एखाद्या सेनापतीला वा प्रशासकाला दिरंगाईचा दोष देण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा: निरोप पोहोचायला किती तास लागत होते? आणि सोबत किती किलो नेता येत होते? निकाल त्यानंतर द्यावा.