खेळ घरात, यंत्र परघरात

संगणकीय खेळ खेळण्यासाठी आता यंत्र विकत घेण्याची गरज नाही, असे सांगणाऱ्या कंपन्यांची भारतात रांग लागली आहे. रिलायन्सने ‘जिओगेम्सक्लाउड’ आणले. नोव्हेंबर २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘एक्सबॉक्स क्लाउड गेमिंग’ भारतीय ग्राहकांना खुले केले. कल्पना सोपी आहे. खेळ चालतो तो दूरच्या डेटा सेंटरमधील बलाढ्य संगणकावर; घरातल्या पडद्यावर येते ते त्याचे केवळ चलच्चित्र. मुलाने बटण दाबले की आज्ञा तारेतून तिकडे जाते, तिकडे योद्धा तलवार उपसतो आणि उपसलेली तलवार चित्ररूपाने घरी परतते. पंचावन्न हजारांच्या घरातला कन्सोल नको, लाखाचा संगणक नको. महिन्याचे भाडे भरले की झाले. मध्यमवर्गीय पालकाला हा हिशेब आकर्षक वाटला तर नवल नाही. मात्र तो पुरता मांडला गेला पाहिजे. (मैदानी खेळांचे महत्त्व या नियतकालिकाच्या वाचकाला नव्याने सांगण्याचे कारण नाही, प्रश्न घरात जे खेळले जातच आहे, त्याचा आहे.)

हिशेब मांडायला मुळशी तालुका सोयीचा आहे. त्याच्या एका टोकाला हिंजवडीचे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान. मायक्रोसॉफ्टने २०२४मध्ये तिथे सोळा एकरांहून अधिक जमीन विकत घेतली. त्याच कंपनीचे क्लाउड केंद्र २०१५पासून पुण्यात आहे. दुसऱ्या टोकाला ताम्हिणीचा घाट. आषाढात तिकडे झाडे उन्मळतात, वीज जाते, मोबाइलची रेंज डोंगराआड विरून जाते. मध्ये भूगाव, पिरंगुट, पौड. तिथल्या नव्या गृहसंकुलांत ऑप्टिकल फायबर पोहोचली आहे, पण शेजारच्या वाडीची भिस्त अजून मोबाइलच्या रिचार्जवर.

एनव्हिडिया कंपनीच्या ‘जीफोर्स नाऊ’ या सेवेची अटच अशी की, साध्या प्रतीच्या चित्रासाठी सेकंदाला किमान १५ मेगाबिट आणि चांगल्या चित्रासाठी २५ मेगाबिट वेग हवा. २५ मेगाबिट म्हणजे तासाला सुमारे ११ गिगाबाइट. साध्या प्रतीवर समाधान मानले तरी तासाला पावणेसात. ज्या घरात रोज दोन गिगाबाइटचे रिचार्ज आहे, तिथे दिवसाचा शिधा अठरा मिनिटांत संपतो. म्हणजे फायबर नसलेल्या घराने या वाटेला जाऊच नये.

फायबर असलेल्या घरातही वेगापेक्षा विलंब महत्त्वाचा. चित्रपट पाहताना पुढचा भाग आगाऊ साठवून ठेवता येतो. म्हणून क्षणभर लाइन अडखळली तरी प्रेक्षकाला कळत नाही. खेळात पुढचे दृश्य आगाऊ साठवता येत नाही, कारण ते खेळणाऱ्याच्या बोटाने ठरायचे असते. पडद्यावर सेकंदाला साठ चित्रे येतात, म्हणजे एका चित्राला जेमतेम सतरा मिलिसेकंद. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. पौडहून मुंबईला जाऊन यायला त्याला दोन मिलिसेकंदही नकोत. पण सर्व्हर चार हजार किलोमीटरवर सिंगापूरला असेल तर केवळ प्रवासातच चाळीस मिलिसेकंद जातात. तेव्हा सर्व्हर देशात असणे ही पहिली अट. त्यापुढचे दुखणे घरचे असते. राऊटर हॉलमध्ये आणि मुलगा आतल्या खोलीत, संध्याकाळी साऱ्या संकुलाची एकाच लाइनवर गर्दी, इन्व्हर्टरवर दिवे चालतात पण राऊटर जोडायचा राहिलेला. बुद्धिबळ, व्यूहरचनेचे वा कथाप्रधान खेळ हे सारे सहन करतात. नेमबाजीच्या किंवा द्वंद्वाच्या चुरशीच्या खेळात मात्र हरणारा आपल्या चुकीने हरला की लाइनच्या, हे त्यालाही कळत नाही.

आता पैशाचे. महिना हजार रुपये धरले तर पाच वर्षांत साठ हजार होतात, म्हणजे कन्सोलची किंमत भरून निघते आणि हाती काही उरत नाही. कन्सोलसाठी नवा मोठा खेळ चार-पाच हजारांना पडतो हे खरे. पण त्याची तबकडी मित्राला देता येते, जुनी झाली की विकता येते, धाकट्या भावाला मिळते. भाडेकरूला यातले काहीच नाही. शिवाय भाडे ठरवणारा मालक. ऑक्टोबर २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या सर्वांत वरच्या योजनेचे अमेरिकेतील मासिक शुल्क १९.९९ डॉलरवरून एकदम २९.९९ डॉलर केले. एनव्हिडियाने तर पैसे भरणाऱ्या सदस्यालाही महिन्याला शंभर तासांची मर्यादा घातली. आणि मालकाला दुकानच नकोसे झाले तर? ‘ऑनलाइव्ह’ ही या धंद्यातील आद्य सेवा २०१०मध्ये निघाली आणि एप्रिल २०१५मध्ये बंद पडली. गूगलची ‘स्टेडिया’ नोव्हेंबर २०१९मध्ये वाजतगाजत आली आणि १८ जानेवारी २०२३ला मिटली. गूगलने खेळांचे आणि उपकरणांचे पैसे परत केले, याचे श्रेय त्या कंपनीला द्यावे लागेल. पण तो तिचा औदार्ययोग होता, ग्राहकाचा हक्क नव्हे.

कळ कोणाच्या हाती, हा प्रश्न खेळापुरता नाही. जुलै २०२५मध्ये युरोपीय संघाने गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीवर निर्बंध घातले. भारताने असे कोणतेही निर्बंध घातलेले नसताना मायक्रोसॉफ्टने नायराच्या संगणकसेवा रोखल्या. कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, तेव्हा कुठे त्या पूर्ववत झाल्या. जिथे तेलशुद्धीकरण कारखान्याची ही गत, तिथे पिरंगुटच्या विद्यार्थ्याच्या साठवलेल्या खेळाची काय कथा!

ज्याच्या भूमीवर यंत्रणा उभी राहते त्याच्या हाती कळ नसणे म्हणजे काय, हे मुळशीइतके कोणाला ठाऊक असणार? १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात. धरण झालेच. खोऱ्यातले पाणी भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळले, वीज मुंबईला गेली, जमिनी पाण्याखाली गेल्या. खेळाच्या भाड्याशी त्या यातनांची तुलना औचित्याला धरून होणार नाही. पण हिंजवडीतल्या मायक्रोसॉफ्टच्या भूखंडावर उद्या जे काही उभे राहील, त्याला जमीन, वीज आणि पाणी इथले लागेल आणि निर्णय अमेरिकेत होतील, हे साम्य डोळ्याआड करण्यासारखे नाही.

दुसरी बाजूही आहे, आणि ती हलकी नाही. २०२५च्या अखेरीस संगणकाच्या मेमरीचे भाव जगभर भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभ्या राहणाऱ्या डेटा सेंटरांनी चिप्स ओढून घेतल्या. मायक्रॉन या बड्या उत्पादकाने डिसेंबर २०२५मध्ये घरगुती ग्राहकांसाठीची ‘क्रुशल’ ही आपली नाममुद्राच गुंडाळण्याचे जाहीर केले. घरचे यंत्र महाग होत जाईल तसे भाड्याचे यंत्र स्वस्त भासेल. ज्या डेटा सेंटरांनी बाजारातली मेमरी संपवली, त्याच धंद्यातल्या कंपन्यांनी ग्राहकाला भाड्याने यंत्र देऊ करावे, यातला विनोद कडवट आहे. तरी ज्या घराला लाखभर रुपये एकरकमी काढणे शक्य नाही, त्याला स्वदेशीचे व्याख्यान देऊन उपयोग नाही. अशा घराने भाड्याचा खेळ भाड्याच्या सायकलीसारखा वापरावा. मे महिन्याच्या सुट्टीत एका महिन्याचे पैसे भरावेत, वाय-फायऐवजी तार जोडावी, शाळा उघडली की सदस्यत्व बंद करावे. वर्षाचे पैसे आगाऊ भरू नयेत. जिथे भाड्याव्यतिरिक्त खेळही विकत घ्यावा लागतो आणि तो केवळ त्याच क्लाउडवर चालतो, तिथे एक पैसाही घालू नये.

सरकारनेही इथे लक्ष घालायला हवे. ऑगस्ट २०२५मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी आणली, ई-क्रीडेला मान्यता दिली. हे स्वागतार्हच झाले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून विक्रेत्याला स्पष्ट सांगावे लागते की, ग्राहक खेळ विकत घेत नसून केवळ परवाना घेत आहे. एवढी साधी पाटी भारतीय दुकानातही लागली पाहिजे आणि सेवा बंद करताना पूर्वसूचना व परतावा बंधनकारक झाला पाहिजे.

आणखी एक गोष्ट पालकांच्या कानावर घालण्याजोगी आहे. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या चमूने २०२०मध्ये ‘राजी’ हा खेळ आणला. राक्षसांनी पळवून नेलेल्या धाकट्या भावाच्या शोधात निघालेली एक मुलगी, तिच्या हाती दुर्गामातेने दिलेले त्रिशूळ आणि भिंतींवर आपल्या पुराणकथांची चित्रे. त्याला डेटा सेंटरची गरज नाही. निंटेंडो स्विचसारख्या हातात मावणाऱ्या यंत्रावर तो चालतो, आणि ताम्हिणीला वीज गेली असतानाही, यंत्राची बॅटरी असेतोवर.