जुन्या गाडीचे दिवे मंद का होतात?

कांदिवलीच्या आकुर्ली रोडवर महिंद्राचा कारखाना आहे आणि कुर्ल्यात एके काळी प्रीमियर पद्मिनी तयार होत असे. मोटारी घडवणाऱ्या या उपनगरांत जुन्या गाड्या जपणारेही पुष्कळ आहेत. त्यांच्या तक्रारी बहुधा सारख्याच असतात: हेडलाइट मंद पडतात, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, फ्यूज वारंवार उडतो. बल्ब बदलला जातो, चार दिवस बरे जातात आणि तक्रार परत येते. असे का होते, हे समजण्यासाठी गाडीतल्या विजेची वाट पाहिली पाहिजे.

विजेला जायला जशी वाट लागते तशी परत यायलाही लागते. गाडीत बॅटरीकडून दिव्याकडे जायला तार असते, पण परतीसाठी बहुतेक ठिकाणी गाडीचा पत्राच वापरलेला असतो. बॅटरीचे ऋण टोक बॉडीला जोडलेले असते. या परतीच्या वाटेला ‘अर्थ’ म्हणतात. त्यामुळे दिव्याची अर्थ-तार पत्र्याला ज्या स्क्रूने आवळलेली असते, तो स्क्रूही तारेइतकाच महत्त्वाचा ठरतो.

हेच सांधे आपल्या हवेत आधी खराब होतात. कांदिवलीच्या पश्चिमेला खाडी आहे, हवा दमट आणि खारी आहे, त्यात पावसाळ्यात साचलेले पाणी. तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो, स्क्रूखालचा पत्रा गंजतो. सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर तारांचे आवरण कुरतडतात, ते वेगळेच. तार वरून धड दिसते, पण सांध्यात विजेला अडथळा म्हणजे रेझिस्टन्स वाढलेला असतो.

हा अडथळा किती लहान असला तरी पुरतो, ते पाहू. डिपरवर 55 वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे 9 अँपिअर करंट घेतात. दोघांच्या सामाईक वाटेत ओहमचा केवळ आठवा हिस्सा अडथळा असला, तरी जवळपास एक व्होल्ट तिथेच खर्ची पडतो. वाटेतल्या या घटीला ‘व्होल्टेज ड्रॉप’ म्हणतात. हॅलोजन दिव्याला दहा टक्के कमी व्होल्टेज मिळाले, तर त्याचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. अशा वेळी नवा बल्बही मंदच पेटणार.

ब्रेक दाबल्यावर इंडिकेटर मिणमिणण्याचे कारणही बहुधा याच सांध्यात सापडते. मागच्या लॅम्पमधल्या सगळ्या दिव्यांचा अर्थ बहुतेकदा एकच असतो. तो तुटला की ब्रेकच्या दिव्यातून निघालेला करंट परतीची दुसरी वाट शोधतो आणि शेजारच्या इंडिकेटरच्या फिलामेंटमधून जातो. दोन्ही दिवे अर्धवट पेटतात. अशा गाडीत बल्ब किंवा फ्लॅशर बदलून काही साधत नाही.

दोष शोधायला साधा मल्टिमीटर पुरतो, मात्र तो दिवा चालू ठेवूनच लावायचा. बल्ब काढून तपासले तर खराब सांध्यातूनही मीटर पूर्ण बारा व्होल्ट दाखवतो, कारण तेव्हा करंट जवळजवळ वाहतच नसतो आणि घट होत नाही. दिवा पेटता ठेवून मीटरची एक पिन दिव्याच्या अर्थला आणि दुसरी बॅटरीच्या ऋण टोकाला लावावी. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला, तर परतीची वाट बिघडली आहे. तसेच बॅटरीच्या धन टोकापासून होल्डरच्या धन टोकापर्यंत मोजावे. मग फ्यूज, स्विच, कनेक्टर असे एकेक सांधे घ्यावेत. आकडा जिथे उडी मारतो, तिथे दोष. तो सांधा पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून, ग्रीस लावला की काम झाले.

एवढे मोजण्याऐवजी बरेचदा 90-100 वॅटचे बल्ब बसवले जातात. 60 वॅटऐवजी 100 वॅटचे दोन दिवे लावले, की करंट 10 अँपिअरवरून 16च्या पुढे जातो. तारेतली उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती अडीच पटींहून अधिक होते. जुने स्विच आणि तारा त्यासाठी केलेल्या नसतात. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज किंवा चांदीचा कागद लावणे तर त्याहून धोक्याचे. फ्यूज आधी वितळावा आणि तार वाचावी, अशी ती रचना आहे. फ्यूजच वितळला नाही, तर तार पेटते. प्रकाश वाढवायचाच असेल तर दिव्यांना रिले लावून बॅटरीपासून जाड तार घ्यावी. मग स्विचवर मोठ्या करंटचा भार येत नाही.

खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. आरटीओच्या त्या तपासणीत दिवेही पाहिले जातात. पण पासिंगच्या दिवशी पेटलेला दिवा जुलैच्या रात्री, हायवेवर, मुसळधार पावसात पेटेलच असे नाही. समोर खड्ड्याजवळ उभा असलेला माणूस दिसणे आणि मागच्या वाहनाला आपला ब्रेक कळणे, हे त्या दिव्यांवर अवलंबून असते.

गाडी जुनी आहे म्हणून धोकादायक ठरत नाही; न मोजता केलेली दुरुस्ती तिला धोकादायक करते. गॅरेजवाल्यांनी बल्ब बदलण्याआधी मीटर लावावा आणि मालकांनी तसा आग्रह धरावा. पावसाळ्याआधी अर्धा तास काढून प्रत्येक दिव्याचा अर्थ तपासून घ्या.