भाडेकरूची खोली

एखाद्या थोर व्यक्तीच्या घराचे संग्रहालय करायचे ठरले की सर्वांत आधी प्रश्न येतो तो सामानाचा. खाट कुठे होती, मेज कोणत्या खिडकीपाशी होते, दिवा कोणता होता? मूळ वस्तू हाती लागल्या तर उत्तम. त्या नसतील तर त्या काळातील वस्तू जुन्या बाजारातून आणल्या जातात, आणि तेही न जमल्यास निदान त्या काळातील वाटतील अशा. मग दाराशी दोरी बांधली जाते आणि प्रेक्षक त्या दोरीपलीकडच्या खोलीकडे दोन मिनिटे आदराने पाहून पुढे सरकतो. खोलीत जे आहे ते मूळचे की बसवलेले, हे विचारण्याचे त्याला सहसा सुचत नाही. रिकामी खोली दाखवण्याचे धैर्य फार थोड्या संस्थांमध्ये असते. या पद्धतीचा पुनर्विचार करायला भाग पाडणारे एक घर लंडनमध्ये आहे आणि त्याची मालकी महाराष्ट्र शासनाकडे आहे.

१०, किंग हेन्रीज रोड हा त्या घराचा पत्ता. लंडनच्या वायव्य भागात, प्रिमरोज हिलच्या परिसरात, कॅमडेन पालिकेच्या हद्दीत ते आहे. १९२१-२२ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे राहत होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले होते. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा तेथे गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील एम. एस्सी. त्यांनी १९२१ मध्ये मिळवली, ग्रेज इनमधून बॅरिस्टरही झाले, आणि रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध याच वर्षांत आकाराला आला. हे घर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये तीस लाख पौंडांहून अधिक किंमत देऊन विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबर रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते स्मारकाचे उद्घाटन झाले.

पुढे एक वाद उभा राहिला. निवासी इमारतीचा उपयोग संग्रहालय म्हणून करण्यासाठी लागणारी नियोजनविषयक परवानगी आधी घेतलेली नव्हती. ती मागाहून मागितल्यावर कॅमडेन पालिकेने २०१८ मध्ये नकार दिला. लंडनमध्ये घरांची टंचाई असताना राहण्याची जागा कमी होते, हा पालिकेचा आक्षेप होता. शेजाऱ्यांची तक्रार गर्दीची आणि गोंगाटाची होती. शासनाने अपील केले, सप्टेंबर २०१९ मध्ये जाहीर चौकशी झाली आणि मार्च २०२० मध्ये मंत्री रॉबर्ट जेनरिक यांनी परवानगी दिली. आपल्याकडे या निकालाचे विजय म्हणून स्वागत झाले आणि ते योग्यच होते. मात्र त्या वादाने जे दोन प्रश्न पुढे आणले होते, ते निकालाबरोबर आपण मिटवून टाकले. या घरात काय असावे, आणि या घरात काय घडावे? मला हे दोन्ही प्रश्न मुळात एकच वाटतात.

आधी 'काय असावे' याविषयी. पलंग, त्याच्या बाजूला पुस्तके, मेजावर कागद, भिंतींवर छायाचित्रे अशी आज या घराची मांडणी आहे. ती करणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण येथे राहणारा माणूस घरमालक नव्हता, भाड्याने राहणारा विद्यार्थी होता, ही साधी गोष्ट या मांडणीत हरवते. भाडेकरूच्या खोलीतील खाट त्याची नसते, घरमालकिणीची असते. तो जाताना आपली पुस्तके आणि कपडे घेऊन जातो. खाटेवर नंतर दुसरा भाडेकरू झोपतो. त्यानंतरच्या नऊ दशकांत घराने किती माणसे पाहिली असतील! १९२१ मधील त्या खोलीचे सामान टिकून राहण्याचे कोणतेही कारण नव्हते. तेव्हा तेथे जे काही मांडले जाईल ते कल्पनेने मांडलेलेच असणार. कल्पना करण्यात गैर काही नाही, पण ती कल्पना आहे हे प्रेक्षकाला कळले पाहिजे.

हा केवळ नोंदीच्या काटेकोरपणाचा मुद्दा नाही. चरित्रकारांनी त्या दिवसांचे जे चित्र रेखाटले आहे ते अपुऱ्या जेवणाचे, ग्रंथालय उघडण्यापूर्वी दाराशी पोचण्याचे आणि रात्री भूक भागवण्यासाठी पापड खाण्याचे आहे. तेथे जर सुबक जुने लाकडी फर्निचर मांडले तर खोली देखणी होते आणि तिच्यात राहणारा विद्यार्थी नकळत एका सुखवस्तू इंग्रज गृहस्थासारखा दिसू लागतो. ज्या अभावाशी झुंजून तो प्रबंध लिहिला गेला, तो अभावच दृष्टीआड होतो. आपल्या आदराची ही विचित्र गत आहे. ज्याला आपण मोठे मानतो त्याची गरिबी आपल्याला सांगायला आवडते, दाखवायला मात्र संकोच वाटतो.

याच्या मुळाशी गृहसंग्रहालय या प्रकाराचा स्वतःचा एक पूर्वग्रह आहे. सामान टिकते ते ज्यांच्याकडे टिकाऊ सामान होते त्यांचे. शिसवी कपाटे, हंड्या-झुंबरे, चांदीची ताटे पिढ्यान्‌पिढ्या राहतात, कारण ती ठेवायला घर असते आणि वारसही असतात. वास्तुशिल्पी सर जॉन सोन यांनी तर १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेकडून कायदाच करून घेतला आणि आपले लंडनमधील घर संग्रहासह जसेच्या तसे राहील अशी तजवीज केली. हे ज्याला शक्य होते त्याचे घर टिकले. ज्याला गावात विहिरीवर पाणी भरता येत नव्हते त्याच्या घराची कोणती वस्तू टिकणार, आणि कोण ती सांभाळून ठेवणार? म्हणून दलित इतिहासाच्या बाबतीत 'मूळ वस्तू' दुर्मीळ असतात. ही दुर्मीळता हाच त्या इतिहासाचा पुरावा आहे. उसनी खुर्ची आणून ती झाकणे म्हणजे पुरावाच झाकणे होय.

न्यूयॉर्कमधील ९७, ऑर्चर्ड स्ट्रीट या चाळवजा इमारतीत टेनेमेंट म्युझियम आहे. १८६३ मध्ये बांधलेल्या या इमारतीत स्थलांतरित कामकरी कुटुंबे राहत. १९३५ मध्ये वरचे मजले राहण्यासाठी बंद झाले आणि १९८८ मध्ये संग्रहालयाच्या संस्थापकांना ते जवळजवळ तशाच पडीक अवस्थेत सापडले. त्यांनी काही बिऱ्हाडे कागदपत्रांच्या आधारे त्या त्या कुटुंबाच्या काळाप्रमाणे सजवली आणि काही मुद्दाम तशीच ठेवली. सोललेले कागद, भेगाळलेल्या भिंती, रिकामी जमीन. सजवलेली खोली आणि न सजवलेली खोली एकाच इमारतीत पाहिली की सजावट ही रचना आहे, हे प्रेक्षकाला न सांगताही उमगते.

आपल्या बाबतीत आणखी एक विसंगती आहे. बाबासाहेबांच्या खऱ्या वस्तू उपलब्ध आहेत, पण त्या दुसरीकडे. माईसाहेब आंबेडकरांनी दिलेल्या वस्तू पुण्यात सिम्बायोसिसच्या संग्रहालयात आहेत. त्यांत व्हायोलिन आहे, भारतरत्न पदक आहे आणि रोजच्या वापरातले सामानही आहे. स्वीय सचिव नानकचंद रत्तू यांनी जपलेल्या वस्तू नागपूरजवळच्या चिचोली येथील शांतिवनात आहेत. त्यांत कोट आहेत, टंकलेखन यंत्र आहे. हे सामान ज्या घरातले, त्या दिल्लीच्या २६, अलीपूर रोडवरील जुना बंगला आता नाही. तेथे उघडलेल्या संविधानाच्या ग्रंथाचा आकार दिलेली नवी इमारत असून तिचे उद्घाटन २०१८ मध्ये झाले. म्हणजे वस्तू आहेत तेथे घर नाही आणि घर आहे तेथे वस्तू नाहीत. अशा वेळी लंडनच्या घराने वस्तूंच्या स्पर्धेत उतरू नये. त्याच्याजवळ जे आहे ते दुसऱ्या कोणाजवळ नाही. तो जिना, त्या खिडक्या, तो रस्ता, आणि ब्रिटिश म्युझियमपर्यंतचे अंतर.

येथे कोणी मुंबईच्या मणिभवनाचे उदाहरण देईल. गांधीजी १९१७ ते १९३४ या काळात मुंबईत येत तेव्हा रेवाशंकर जगजीवन झवेरी यांच्या या घरी उतरत. त्यांची खोली आजही जवळजवळ रिकामी आहे. गादी, बसके मेज, चरखे, एवढेच. पण दोन्ही रिकामेपण सारखे नाहीत. मणिभवनातील साधेपणा हा निवड करून स्वीकारलेला होता. किंग हेन्रीज रोडवरचा अभाव हा लादलेला होता आणि तो संपवण्यासाठीच तो विद्यार्थी शिकत होता. अंगात सूट, हाती ग्रंथ ही बाबासाहेबांची प्रतिमा त्या लढ्याचाच भाग आहे. त्यामुळे दारिद्र्याचे प्रदर्शन मांडावे असे मी म्हणत नाही. वैभव आणि वैराग्य या दोन्ही साच्यांत न बसणारी ही खोली आहे. ती जशी आहे तशी, मोजक्या आणि प्रामाणिक चिठ्ठ्यांसह दाखवावी, इतकेच.

आता 'काय घडावे' याविषयी. खोली भरलेली असली की तेथे माणसांना जागा उरत नाही, हा अगदी व्यावहारिक मुद्दा आहे. वस्तूला धक्का लागू नये म्हणून माणूस दूर ठेवावा लागतो. आपल्याकडील ज्या वास्तू लोकांच्या मनात खरोखर जिवंत आहेत, त्यांचे बळ मात्र माणसांच्या येण्यात आहे. पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा फुल्यांच्या वाड्यात पाहण्यासारखे फर्निचर फारसे नाही. घरचा जो पाण्याचा हौद त्यांनी १८६८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसाठी खुला केला, त्याच्या आठवणीपुढे कोणत्याही कपाटाची मातब्बरी नाही. ११ एप्रिलला आणि २८ नोव्हेंबरला तेथे जमणारे लोक वस्तू पाहायला येत नाहीत. केसरीवाड्यात टिळकांच्या वस्तू आहेत, पण दरवर्षी त्याच वाड्यात गणपतीही बसतो. मानाच्या पाच गणपतींपैकी तो एक आहे. आंबेडकरी समाजाची स्मरणाची रीत तर याहून स्पष्ट आहे. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर लोक लाखोंनी येतात आणि परतताना पुस्तके घेऊन जातात. ज्या समाजाने स्मरण आणि वाचन यांची अशी सांगड घातली, त्याच्या लंडनमधील स्मारकात माणसांनी हळू बोलत रांगेने फिरावे आणि बाहेर पडावे, हे त्या रीतीशी विसंगत आहे.

शेजाऱ्यांचा आक्षेप मात्र उडवून लावण्यासारखा नाही. तो निवासी रस्ता आहे. तेथे राहणाऱ्याला शांततेचा हक्क आहे आणि प्रत्येक विरोधाला आकसाचे लेबल लावणे न्याय्य नाही. चौदा एप्रिलची मिरवणूक त्या रस्त्यावर निघू शकत नाही आणि निघूही नये. लंडनमध्ये त्यासाठी मोठी सभागृहे आहेत. पण जयंतीचा जल्लोष आणि मूक प्रदर्शन यांच्यामध्ये पुष्कळ काही आहे. वीस-पंचवीस माणसांचे वाचनमंडळ, एखाद्या ग्रंथावरची चर्चा, परिसरातील शाळेच्या मुलांची भेट, शेजाऱ्यांनाच चहाला बोलावण्याचा एखादा रविवार. ज्यांना हे घर आपल्या रस्त्यावरचा उपद्रव वाटले, त्यांना येथे राहिलेला तरुण पुढे कोण झाला हे त्याच घरात बसून सांगता येणे, ही छोटी गोष्ट नव्हे.

याहून पुढचे एक पाऊल टाकता येईल. महाराष्ट्र शासनाची अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाची जी शिष्यवृत्ती आहे, तिला राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. म्हणजे १९२० मध्ये ज्यांनी एका विद्यार्थ्याला लंडनला जाण्यासाठी साहाय्य केले, त्यांच्याच नावाने आज विद्यार्थी लंडनला जातात. तेथे पोचल्यावर त्यांच्यापुढे पहिले संकट उभे राहते ते न परवडणाऱ्या भाड्याचे. या घराच्या वरच्या मजल्यावरील दोन-तीन खोल्या अशा संशोधक विद्यार्थ्यांना राहण्यासाठी द्याव्यात. त्यासाठी पुन्हा नियोजनाची परवानगी लागेल, अग्निसुरक्षेचे नियम पाळावे लागतील, दुरुस्त्यांवर खर्च होईल, हे खरे. पण राहण्याची जागा गेली हा कॅमडेनचा मूळ आक्षेप होता आणि त्याला यापेक्षा चांगले उत्तर मला दिसत नाही. खालच्या मजल्यावर छायाचित्रे, कागदपत्रे, ग्रंथ आणि बैठकीची जागा ठेवावी. एक खोली पूर्ण रिकामी ठेवावी आणि ती रिकामी का आहे हे तेथे स्वच्छ शब्दांत लिहावे. वरच्या खोलीत एखाद्या मुलीचे मेज असावे, तिच्या स्वतःच्या पुस्तकांनी भरलेले. ते मेज जुने नसेल, नजीकच्या दुकानातून आणलेले साधे असेल.

संग्रहालयशास्त्राच्या काटेकोर व्याख्येत हे कदाचित बसणार नाही. पण हे घर तीस लाखांहून अधिक पौंड देऊन घेतले ते तिथल्या विटांसाठी नव्हे. पुरेसे पैसे नसलेला एक विद्यार्थी तेथे राहून शिकला, म्हणून घेतले. तशाच दुसऱ्या विद्यार्थ्याला त्या छताखाली जागा मिळत नसेल, तर आपण नेमके काय जतन केले याचा विचार शासनाने आणि आपण सर्वांनीच करायला हवा.